'मला जमत नाही' हे वाक्य मुलाला कोण देतो?

पहिल्या पाळीहून दमून आलेला बाप मुलाची वही उघडतो, लाल शाईच्या फुल्या बघतो आणि म्हणतो, “तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत.” आई त्यावर सारवासारव करते, “जाऊ द्या, आपल्याकडं कुणाला गणित आलंय?” दोघांच्याही मनात वाईट काही नसते. पण मूल दोन्ही वाक्ये पाठ करते. पाढे विसरते, ही वाक्ये विसरत नाही. भोसरी, आकुर्डी, चिखली, चाकण, कोणत्याही वस्तीत जा, हीच भाषा कानावर येते.

आता पालकहो, हे एकट्या घराचे काम नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. त्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला वर्ग धावला. शाळेने त्या मुलाला दिलेले हे वाक्य होते, एक शब्दही न उच्चारता!

मग उलट वाक्य कोणी दिले? घरात रामजीबाबांनी दिले. पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप पोराला न बोलताच सांगत असतो की तुझ्याकडून होणार आहे. बाहेर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्दही टाकला. नुसती शाबासकी देऊन गुरुजी थांबले नाहीत, हे लक्षात घ्या.

चारचौघांत झालेली ओळख मुलाच्या डोक्यावर कशी बसते, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासक बाईंनी उत्तर प्रदेशातील खेड्यात तपासले. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात पुकारली नाही, तेव्हा सगळ्या जातींच्या मुलांचे काम जवळपास सारखे आले. सर्वांसमोर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. मुले तशीच, कोडी तशीच. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावर उपाय म्हणून हल्ली शिबिरांत मुलांकडून “मी सर्वात हुशार आहे” असे दहा वेळा म्हणवून घेतात. मला हा प्रकार फारसा पटत नाही. कॅनडात जोआन वूड यांनी २००९ मध्ये दाखवले की ज्याचा स्वतःवर मुळातच विश्वास कमी, त्याला अशी मोठी वाक्ये म्हणून उलट अधिक वाईट वाटते. साहजिक आहे. चाचणीत वीसपैकी चार मिळालेल्या मुलाला आतून कळते की हे खोटे आहे.

वाक्य खरे हवे. “सोमवारी मला साताचा पाढा येत नव्हता, आज येतो.” “कालचं उदाहरण तिसऱ्या वेळी सुटलं.” यात मुलाजवळ पुरावा असतो, त्यामुळे तो हिरावून घेता येत नाही. आमच्या वस्तीतील संध्याकाळच्या वर्गात मुले वहीच्या शेवटच्या पानावर रोज अशी एक ओळ लिहितात. काही मुले टंगळमंगळ करतात, हेही खरे. पण सहामाहीच्या आदल्या रात्री तेच पान उघडून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

अमेरिकेत जेफ्री कोहेन व सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांना वर्गात थोडा वेळ फक्त एवढेच लिहायला सांगितले : मला कोणती गोष्ट मोलाची वाटते, आणि का. कुणी घरच्यांबद्दल लिहिले, कुणी मैत्रीबद्दल, कुणी गाण्याबद्दल. २००६ सालच्या त्या अहवालानुसार काळ्या मुलांचे गुण सुधारले आणि गोऱ्या मुलांशी असलेले अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. नंतर काही शाळांत हा गुण आला, काहींत आला नाही. शिक्षक चांगले शिकवत नसतील तर वही काय करणार? तरी पंधरा मिनिटे आणि एक पेन, एवढाच खर्च. ओव्हरटाइम करणाऱ्या आईबापांनाही परवडेल.

शाळेत मात्र आपल्याला तोंड उघडावे लागेल. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना वर्गात जातीचे नाव घेऊन मुलांना उभे करतात, अशी तक्रार पालक अजून करतात. मी स्वतः कारकुनी करतो. यादी कार्यालयात बसून तयार होते, ती वर्गात मोठ्याने वाचण्याची काहीएक गरज नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. त्या बैठकीची तारीख शाळेत विचारून घ्या. पाळी बदलून मिळत नसेल तर घरातील बाईमाणसाने जावे, पण जावे. आणि यादी कोण, कुठे वाचतो, हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावे.