लोणारचे खारे पाणी आणि ऑक्टोपसचे घर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर खारे आणि ऑक्टोपसही खाऱ्या पाण्यातलाच. तेव्हा काचेच्या टाकीत सरोवराचे पाणी भरून हा आठ हातांचा जीव पाळता येईल का, असा प्रश्न एखाद्या हौशी मत्स्यपालकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे.

उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्याचा खारेपणा केवळ मिठाचा नव्हे. त्यात सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट, म्हणजे धुण्याचा आणि खाण्याचा सोडा विपुल आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही येथील क्षारांचा उल्लेख काच व साबणाच्या संदर्भात येतो. या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, अनेक दशके 10 च्या आसपास नोंदला गेला. समुद्राचा सामू 8.1 च्या जवळपास असतो. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत किती मोठी आहे ते कळते. पावसाचे व झऱ्यांचे गोडे पाणी मिसळून सामू उतरला, तरी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे सागरी प्रमाण त्यात येत नाही. शिवाय प्राण्याच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया इतक्या अल्कधर्मी पाण्यात बहुतांशी विषारी रूपातच राहतो. सरोवराचा परिसर अभयारण्य असून 2020 मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. तेथून पाणी उपसून नेणे हा छंदाचा विषय होऊच शकत नाही.

समुद्रकिनारा रस्त्याने 400 हून अधिक किलोमीटर दूर असल्याने उरतो तो मार्ग कृत्रिम सागरी मिठाचा. आरओ यंत्रातून काढलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम याप्रमाणे 200 लिटरच्या टाकीला 7 किलो मीठ लागते. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात; म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरायची. ऑक्टोपसच्या शरीरातील क्षारांचे प्रमाण भोवतालच्या पाण्याबरोबर बदलत असल्याने हा हिशेब रोज ठेवावा लागतो.

टाकी भरली की लगेच प्राणी सोडणे ही नवशिक्यांची हमखास चूक. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर व गाळणीत स्थिरावण्यास अनेक आठवडे लागतात. ऑक्टोपस भरपूर खातो आणि तितकीच घाणही करतो, त्यामुळे जाणकार तीन महिने थांबण्याचा सल्ला देतात. तांब्याच्या हंड्यातील पाणी माणसाला हितकारक मानले जाते. ऑक्टोपसला मात्र पाण्यात विरघळलेले तांबे प्राणघातक ठरते. गंमत अशी, की त्याचे निळे रक्त तांब्याच्याच संयुगावर प्राणवायू वाहून नेते. माशांच्या अनेक औषधांतही तांबे असते.

विदर्भाच्या उन्हाळ्यात खरी परीक्षा होते. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तर उष्ण कटिबंधातील ऑक्टोपसलाही साधारण 25 अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून पाणी थंड करणारा चिलर आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणारा हवेचा पंप नसेल, तर मे महिन्यातील एक दुपारही पुरे.

झाकणाकडे होणारे दुर्लक्ष असेच महागात पडते. न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातून निसटून सांडपाण्याच्या नळीवाटे समुद्र गाठणारा ‘इंकी’ 2016 मध्ये जगभर गाजला. शरीरात हाडे नसल्याने चोच मावेल एवढी फट त्याला पुरते. लोणारच्या घरातून निसटलेल्या ऑक्टोपसला गाठण्यासाठी समुद्र नाही; फरशीवरच त्याचा शेवट होईल.

एवढी तयारी करून पाहुणा राहतो किती दिवस? बहुतेक लहान जातींचे आयुष्य वर्षभराचे, मोठ्यांचे फार तर काही वर्षांचे. बाजारात येणारे ऑक्टोपस बहुधा समुद्रातून पकडलेले असतात आणि विक्रेत्याला त्यांचे वय सांगता येत नाही. त्यात मादी निघाली, तर ती टाकीतही अंडी घालते, त्यांची राखण करताना खाणे सोडते आणि काही आठवड्यांत मरते. औषधाने किंवा खाद्य बदलून तिला वाचवता येत नाही. त्या काळात खेकडे, कोळंबी समोर टाकत राहिल्यास ते तळाशी कुजून पाणी तेवढे बिघडते.