सिद्दी स्त्रियांची कवंदी

जुन्या वस्त्रांना शिवून पांघरूण करण्याची कला भारतात अनेक प्रांतांत रुजली आहे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि आपली गोधडी किंवा वाकळ ही तिची परिचित रूपे होत. याच कुळातील कवंदी उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड तालुक्यांत शिवली जाते. तिच्या निर्मात्या सिद्दी समाजातील स्त्रिया आहेत.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. पोर्तुगीज राजवटीत त्यांच्या अनेक पूर्वजांना गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले. तेथून निसटलेल्यांनी घाटावरच्या अरण्यांचा आश्रय घेतला. या समाजात हिंदू, ख्रिस्ती व मुस्लिम असे तिन्ही धर्मांचे लोक असून बऱ्याच घरांत कोकणी बोलली जाते.

कवंदीचे वैशिष्ट्य तिच्या रचनाक्रमात आहे. तळाला बहुधा जुने लुगडे अंथरतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कापडाचा एकेक तुकडा कडा आत दुमडून ठेवला जातो आणि लगेच धावदोऱ्याने तळाशी जोडला जातो. काठाकाठाने फिरत शिवण आत सरकते व मध्यभागी संपते. आधी आखलेला नमुना नाही, चौकट नाही. पुढचा तुकडा कोणता, हे शिवणारी त्या क्षणी ठरवते. येथे शिवण केवळ जोडकामापुरती नसते. तीच रेखाटन असते, आणि या कलेची खरी थोरवी मला इथेच दिसते. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी मानली जाते. ख्रिस्ती स्त्रिया कधी क्रूस, तर मुस्लिम स्त्रिया चंद्रकोर योजतात.

अंथरूण, पांघरूण आणि तान्ह्या बाळाचे दुपटे हे तिचे मुख्य उपयोग. बाळासाठीच्या कवंदीत लहान, भडक रंगांचे तुकडे विपुल असतात.

अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कलेचा सविस्तर अभ्यास केला. २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि घरापुरती असलेली कवंदी विक्रीसाठी व प्रदर्शनांसाठीही शिवली जाऊ लागली.

कवंदी पाहण्याचा योग आला, तर ती उलटूनही पाहावी. रंगीत तुकडे तेथे दिसत नाहीत. शिवणाऱ्या हाताने काठापासून मध्यापर्यंत घेतलेला संपूर्ण मार्ग मात्र टाक्याटाक्याने वाचता येतो.