सायकल सुटू नये म्हणून

मोठ्या हौसेने सायकल चालवू लागलेली माझी एक मैत्रीण आठ दिवसांतच घरी बसली. कारण विचारलं तर लाजत म्हणाली, ‘‘अगं, मांड्या काचतात. शिवाय उन्हाने पाय गुडघ्याखाली काळे नि वर गोरे! मुलगी हसते.’’

मैत्रिणींनो, दोष सायकलचा नाही, कपड्यांचा आहे. साध्या पॅन्टची जाड शिवण नेमकी बसायच्या जागी घासते. सायकलिंग शॉर्ट्समध्ये तिथे मऊ गादी असते. ती बायकांसाठीचीच घ्या. आपल्या बसायच्या हाडांमधलं अंतर सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं. शॉर्ट्स घट्ट बसावी, पण कमरेला, मांडीला रुतू नये. दुकानात घालून, वाकून बघा. आत निकर नको, तिचीच शिवण काचते. आणि ती दरवेळी धुवा, नाहीतर घामाने पुरळ उठतं.

उन्हाचा पट्टा नको असेल तर गादीवालीच, पण घोट्यापर्यंतची पॅन्ट मिळते. नाहीतर उघड्या पायांना सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा. घट्ट कपड्यांचा संकोच वाटतो? वरून सैल टी-शर्ट घाला. ओढणी मात्र नको, चाकात अडकते.

मैत्रीण आता पुन्हा येते. एखादा पट्टा उमटलाच तर उमटू दे, म्हणते. सायकल सुटायला नको!