भरलेली बादली

हॉस्टेलमागच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये पाणी एकदाच येतं, म्हणून प्रत्येक मोरीत बादल्या भरलेल्या. मेकॅनिक्सवाल्यांनो, रांगणाऱ्या बाळाचं डोकं जड, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर. काठाला धरून वाकलं की ते आत उलटतं. भरलेली बादली हलतसुद्धा नाही. आवाजही होत नाही.

माझ्या मावशीने दहा महिन्यांच्या बाळाला असंच बाहेर काढलं, तेव्हा शेजारणी त्याला उलटं धरून पोट दाबायला लागल्या. हे मुळीच करायचं नाही! पोटातलं उलटून फुफ्फुसात जातं आणि वेळ फुकट. कमी पडलेला असतो ऑक्सिजन. श्वास नसेल तर कडक जागी उताणं ठेवा, नाक-तोंड दोन्हीवर आपलं तोंड ठेवून छाती उचलेल इतपतच हलके दोन श्वास द्या. तरी हालचाल नाही? दोन्ही हातांनी छाती धरून अंगठ्यांनी मधोमध ४ सेंमी दाबा, मिनिटाला १०० ते १२०च्या वेगाने. ३० दाब, २ श्वास. तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा.

बाळ रडलं तरी हॉस्पिटल चुकवू नका. फुफ्फुस काही तासांनीही बिघडतं, पहिला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. तिथे ओले कपडे काढून ऊब देतात, पायाला प्रोब लावून ऑक्सिजन बघतात, साखर तपासतात.

'बरा आहे की, कशाला ठेवता?' म्हणून मावशी डॉक्टरांवर चिडली होती. पाचव्या तासाला त्याला ऑक्सिजन लावावा लागला. आता तो दुसरीत आहे आणि मावशीकडची बादली पालथी असते.