इसब कोणाकडून आला?

इसब झालेलं मूल समोर बसलं की मी आधी त्याचे तळहात उजेडात धरते. कोपराच्या लवणीतले, गुडघ्यामागचे लाल चट्टे आई दाखवतेच. तळहात कोणी दाखवत नाही. काही मुलांच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यावर आडव्या-उभ्या बारीक रेषांचं दाट जाळं असतं. असं दिसलं की मी वडिलांना पँट जरा वर घ्यायला सांगते. पुष्कळदा त्यांच्या नडगीवर कोरडे, राखाडी खवले निघतात. ते म्हणतात, "हे होय? हे तर लहानपणापासून आहे, थंडीत वाढतं."

तोवर आजीचं सांगून झालेलं असतं, "आमच्याकडे कुणाला नाही हो असलं. सुनेच्या माहेरी दमा आहे." आणि सून खाली मान घालून बाळाचं अंग चोळत बसलेली असते. सांगलीत त्वचारोगांची प्रॅक्टिस करताना हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय, की औषध लिहिण्याआधी मी सगळ्यांना जनुकांची गोष्ट सांगते.

कातडीचा सर्वांत वरचा थर चपट्या, मृत पेशींचा असतो. कौलारू छपरासारख्या त्या एकमेकींवर बसलेल्या असतात. त्यांना चपटं करून घट्ट बसवण्याचं काम फिलॅग्रिन नावाचं प्रथिन करतं आणि पुढे तेच विरघळून कातडीत ओलावा धरून ठेवतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं, की या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल तर नडगीवर खवले येतात आणि इसबाचा धोका बराच वाढतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यांतली एक बिघडलेली असली तरी कातडी कोरडी पडू शकते. युरोपात दहातल्या साधारण एका माणसात असा बिघाड सापडतो. आशियातल्या लोकांत याच जनुकातले वेगळे बदल आढळतात.

पण असा बिघाड असलेल्या पुष्कळांना इसब होतच नाही आणि इसब असलेल्या पुष्कळ मुलांत हा बिघाड नसतो. दमा, शिंका, इसब यांच्याशी जोडलेल्या जनुकीय जागा आता शंभराहून अधिक माहीत आहेत. एकेक जागा धोका थोडाथोडा सरकवते. त्यामुळे खवले वडिलांचे, शिंका आईच्या आणि इसब बाळाला, असं घरोघरी दिसतं. एकट्या सुनेला धरून बोलायला विज्ञानात कुठेच आधार नाही.

कातडी फाटकी असली की बाहेरचं आत शिरतं, आणि ॲलर्जीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. तोंडावाटे पोटात गेलेला पदार्थ शरीर सहसा आपला मानतं. तोच फाटक्या कातडीतून शिरला तर शत्रू ठरू शकतो. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला साबण तोंडाला लावून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. उलट बाजू लंडनमध्ये गिडियन लॅक यांनी २०१५ साली दाखवली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना त्यांनी लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नेमाने खाऊ घातले, निम्म्यांना वर्ज्य केले. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांत जेमतेम ३ टक्के. बाळांची जनुकं कोणी बदलली नव्हती.

अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची मुळं युरोपातली आणि जनुकीय वारसा बराच मिळताजुळता. तरी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आमिश मुलांत दमा ५ टक्के आणि हटराइट मुलांत २१ टक्के. आमिश घरं गोठ्याला लागून असतात आणि मुलं जनावरांत वाढतात. हटराइटांची शेती यंत्रावरची आणि घरापासून दूर. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त सापडले, आणि ती धूळ दिल्यावर उंदरांचं दम्यापासून रक्षण झालं. रस्त्यावरचा धुरळा आणि गाड्यांचा धूर मात्र या धुळीत मोडत नाही. त्याने दमा वाढतोच.

म्हणून "जनुकांची तपासणी करू का?" असं कोणी विचारलं की मी नको म्हणते. साध्या इसबात तिने उपचार बदलत नाहीत. करायचं ते घरातच आहे. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. चट्टे असतील तिथे डाळीचं पीठ चोळायचं नाही. अंग टिपून घेतलं की लगेच, ओलसर असतानाच, बिनवासाचं मलम भरपूर लावायचं. जन्मापासून मलम लावून इसब टाळता येतो का, हे ब्रिटनमध्ये तेराशेहून जास्त बाळांवर तपासलं गेलं. तो टळला नाही. पण झालेला इसब आटोक्यात ठेवायला मलम लागतंच, आणि चट्टे पेटले की डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलमही न घाबरता, सांगितलं तितके दिवस लावायचं. वरचं अन्न सुरू करताना अंडं, शेंगदाणा उगीच लांबवायचा नाही. इसब जोराचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि दाणे अख्खे न देता बारीक कूट पेजेत कालवून द्यायचं.

हे सगळं मी आईला एकटीला सांगत नाही. आजी, बाबा, सगळ्यांना बसवून सांगते आणि मलम लावायचं काम वाटून देते: सकाळी आजी, रात्री बाबा. इसब कोणाकडून आला ते शोधत बसण्यापेक्षा बाळाची रात्रीची खाज थांबवणं सगळ्या घराच्या हातात आहे.