चाच्यांच्या जहाजाखाली अठरा होल

मिनी गोल्फमधला पहिला तंटा काउंटरवरच होतो, आणि तो बॉलच्या रंगावरून. एका गटात एका रंगाचा एकच बॉल असा रिवाज आहे, म्हणजे तो पाण्यात गेल्यावर कुणाचा यावर वाद नको. आमच्या सहा जणांत लाल बॉलचे दोन दावेदार निघाले, पाच वर्षांची पुतणी आणि तिचे आजोबा. आजोबांनी माघार घेतली, पण हिरवा बॉल उचलला तो नाखुशीनेच. मग पटर. काउंटरमागची मुलगी माणसावर एक नजर टाकते आणि त्याच्या उंचीची काठी पुढे करते. शेवटी हातात येतं स्कोअरकार्ड आणि खोडरबर नसलेली बोटभर पेन्सिल. रबर नाही हे बरंच आहे. आमच्याकडे आकडे खोडायची इच्छा निदान तिघांना होती.

दिरांचं बिऱ्हाड नॉर्थ कॅरोलिनात रॅलीजवळ. सासू-सासरे उन्हाळ्यापुरते सांगलीहून तिथे आलेले, पाठोपाठ आम्ही दोघं. सुट्टी आली की तिकडची मंडळी गाड्या भरून साउथ कॅरोलिनातल्या मर्टल बीचला निघतात, तसे आम्हीही निघालो. दीर-जाऊ वाळूत पसरले आणि उरलेल्यांनी पटर हातात घेतले. हे गाव स्वतःला मिनी गोल्फची राजधानी म्हणवतं आणि ते पटतंही. हायवे १७ वर एकीकडे डायनासोर दिसतो, तर दुसरीकडे कोसळलेलं विमान. नॉर्थ मर्टल बीचला ‘हवाइयन रम्बल’चा ज्वालामुखी अधूनमधून गडगडून आग ओकतो. तिथे या खेळातल्या व्यावसायिकांची ‘मास्टर्स’ स्पर्धाही होते. होय, मिनी गोल्फचे व्यावसायिक असतात.

आम्ही चाच्यांचं मैदान निवडलं. मोठं शिडाचं जहाज, सिमेंटच्या खडकांतून पडणारा धबधबा आणि खाली निळंशार पाणी. ते इतकं निळं कसं, हा प्रश्न पुतण्याने पहिल्याच होलला विचारला. पाण्यात रंग टाकतात. रंगामुळे ऊन खोलवर पोचत नाही, शेवाळ कमी धरतं आणि तळाशी गेलेल्या बॉलांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दोन-तीन होल झाल्यावर लक्षात आलं की जहाज, तोफा, सांगाडे हे सगळं बाहेर आहे. बॉलच्या वाटेत त्यांतलं काहीच येत नाही. वाटेत आहे तो हिरवा गालिचा, त्याखालचा उतार आणि कडेची विटांची बुटकी भिंत. गालिचा नीट बघितला तर सुरुवातीच्या जागेपासून एक चकचकीत पट्टा पुढे जाताना दिसतो. हजारो बॉल तिथूनच गेल्याने तिथली लव झोपलेली असते आणि बॉल जरा जास्तच सरसर पळतो. होलचा व्यास सव्वाचार इंच, बॉलचा पावणेदोन इंचांहून किंचित कमी. एवढ्या ऐसपैस खड्ड्यात बॉल का जाऊ नये? कारण खड्ड्यावरून जाताना त्याला खाली पडायला क्षणभर तरी वेळ मिळायला हवा. नवऱ्याने क्रिकेटचा हात मारला की बॉल होलच्या ऐन मधून जाई आणि पलीकडच्या विटेवर आदळून निम्मी वाट परत येई.

सासूबाईंची भिस्त कॅरमवर. जन्मभर रिबाउंड मारलेला हात, तेव्हा त्या होलकडे न बघता भिंतीकडे बघत. हिशेब बरोबर असे, पण विटा दगा देत. कॅरमची कड रंधा मारलेली असते. इथे दोन विटांच्या मधे सिमेंटची खाच असते आणि बॉल तिला लागला की भलतीकडे जातो. चौथ्या होलनंतर त्या विटेवरून बोट फिरवून सांधा कुठे आहे ते आधी पाहू लागल्या. मागचा गट खोळंबला होता. त्याची त्यांना फिकीर नव्हती.

पुतणीचा खेळ वेगळा. ती बॉल मारत नसे, केर लोटावा तसा लोटत नेई. नियमात हे बसत नाही, पण तिला नियम सांगायला कोण जाणार? एका होलला सहाच्या वर फटके लिहायचे नाहीत हा नियम मात्र तिच्यासाठीच केल्यासारखा होता. प्रत्येक चौकटीत सहा लिहून ती आनंदात.

या नटव्या मैदानांचा एका माणसाला भारी राग होता. मर्टल बीचला येताना आम्ही फेएटविल ओलांडलं. तिथे १९५४ साली डॉन क्लेटनने ‘पट-पट’ची पहिली मैदानं काढली. पवनचक्की नाही, जोकराचं तोंड नाही; नुसता उतार, सरळ कडा आणि प्रत्येक होलला ‘पार’, म्हणजे अपेक्षित फटके, दोन. खेळ कौशल्याचा हवा, नशिबाचा नको, हा त्याचा आग्रह. दुसऱ्या टोकाला त्याच्या आधीचा गार्नेट कार्टर. टेनेसी-जॉर्जियाच्या सीमेवरच्या लुकआउट माउंटनवर त्याचं ‘टॉम थंब गोल्फ’ परीकथेतल्या बुटक्यांसकट उभं राहिलं आणि त्या लाटेत १९३० साली अमेरिकेत अशा मैदानांची संख्या पंचवीस हजारांच्या घरात गेली. मंदीत ती ओसरलीही तितक्याच झपाट्याने.

मी कार्टरच्या बाजूची. क्लेटनने विचार केला तो खेळणाऱ्याचा. पण या खेळात खेळण्यापेक्षा थांबणं जास्त असतं. सहा जणांत आपली पाळी येईपर्यंत पाच जणांचे फटके बघायचे, शिवाय पुढचा गट हलेपर्यंत धबधब्यापाशी ताटकळायचं. जहाज आहे ते या ताटकळणाऱ्यांसाठी.

आमचा असाच खोळंबा झाला तो ब्लॅकबियर्डच्या पुतळ्यापाशी. हा चाचा इथल्याच किनाऱ्याचा. १७१८ साली त्याने चार्ल्सटनचं बंदर अडवून धरलं आणि खंडणी म्हणून औषधांची पेटी मागितली. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनात ओक्राकोक बेटापाशी तो मारला गेला. पाटीवरचं साल वाचून सासऱ्यांना स्फुरण चढलं.

“सतराशे अठरा? अरे, त्याच साली इंग्रजांनी खांदेरीवर आरमार धाडलं होतं. कान्होजी आंग्र्यांनी हात हलवत परत पाठवलं. त्यांनाही हे चाचाच म्हणायचे.”

“मग ते पायरेट नव्हते, आजोबा?” पुतण्याचा चेहरा जरा पडलाच.

“सरखेल होते ते, मराठ्यांच्या आरमाराचे! समुद्रात फिरायचं तर यांचा दस्तक घ्यावा लागे. दस्तक नाही, तर जहाज जप्त.”

“दॅट्स अ पायरेट,” पुतण्या म्हणाला. वाद पुढचे तीन होल पुरला आणि त्या नादात सासऱ्यांचा हिरवा बॉल दोनदा निळ्या पाण्यात गेला. लांब दांडीची जाळी घेऊन तो काढायचं काम पुतण्याकडे. बॉल हाती येईपर्यंत तो आजोबांना प्रश्न विचारत राही.

अठराव्या होलला बॉल आत गेला की परत येत नाही. नळीतून गडगडत तो थेट काउंटरकडे जातो; दुकानदाराचे बॉल सुखरूप घरी पोचवायची ही युक्ती. पुतणीला ती अजिबात मान्य नव्हती. लाल बॉलसाठी तिने भोकात हात घालून पाहिला, तो कोपरापर्यंत अडकला, मग ओढून काढावा लागला. एका फटक्यात बॉल आत घालणाऱ्याला पुढचा डाव फुकट, अशी पाटी शेजारी होती. सासूबाई शेवटच्या. त्यांनी विटेवर बोट फिरवलं, सांधा टाळून बॉल भिंतीवर टेकवला आणि वर कुठेतरी घंटा वाजली. आम्ही टाळ्या वाजवत होतो. त्या काउंटरकडे निघाल्याही होत्या, “हा फुकटचा डाव आजच खेळता येईल का, की उद्या परत यावं लागेल?” हे विचारायला.