बाग म्हणजे पाणी

पुरंदरातला अंजिराचा शेतकरी ‘यंदा बाग दिली’ म्हणतो, तेव्हा पुण्यातून गेलेल्या पाहुण्याच्या काळजात धस्स होतं. जमीन गेली, असं त्याला वाटतं. पण जमीन जागेवरच असते. झाडावरचा माल तेवढा व्यापाऱ्याला ठरवून दिलेला असतो. बाग या दोन अक्षरी शब्दाभोवती शेतकऱ्याने अशी एक अख्खी भाषा उभी केली आहे. बाग ‘धरायची’ म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडून बहार घ्यायचा. नवी पालवी आली की बाग ‘फुटली’. आणि ‘बाग काढली’ हे मात्र हळू आवाजात सांगायचं, कारण त्यात वर्षानुवर्षं जपलेली झाडं मुळासकट उपटल्याचं दुःख असतं.

बाग शब्द फारसीतून आला. तिथल्या ‘बाग’चं अनेकवचन ‘बागात’. त्यातून आपलं बागाईत, बागायत झालं. ‘जिराईत’ हा अरबी ‘जिराअत’वरून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ नुसता ‘शेती’ असा आहे. मराठीने या दोन शब्दांना समोरासमोर उभं केलं: पावसाच्या भरवशावरची ती जिराईत, हाताने पाणी दिलेली ती बागाईत. विहिरीवर मोट चालत असेल तर मोटस्थळ, पाटाचं पाणी येत असेल तर पाटस्थळ. म्हणून ज्या रानात फळाचं एकही झाड नाही, नुसता ऊस उभा आहे, तेही बागायत ठरतं. शब्द फळापासून सुटला आणि पाण्याला बांधला गेला.

या फरकावर घरादाराचं भवितव्य ठरलं आहे. कमाल जमीनधारणेच्या १९६१च्या कायद्यात, पुढच्या दुरुस्तीनंतर, बारमाही पाण्याची जमीन कुटुंबाला १८ एकरांपर्यंत ठेवता येते आणि कोरडवाहू ५४ एकरांपर्यंत. एका एकराला तीन एकर, हे पाण्याचं सरकारी मोल.

बोलीने तर याहून बारीक कातरकाम केलं आहे. भाजीचा मळा, उसाचा फड, आंब्याची राई. पण द्राक्षाची, डाळिंबाची, पेरूची मात्र बाग. विड्याच्या पानांचा तो पानमळा. सिंहगड रस्त्यावर पानमळा हे नाव आज वस्तीला चिकटून राहिलं आहे. आणि फारसीत ज्याचा अर्थ माळी, तो ‘बागवान’ पुण्याच्या मंडईत फळं विकणारा झाला. झाड लावणाऱ्याचं नाव फळ हातात देणाऱ्याकडे आलं.

आता पेठांकडे वळू. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, विश्रामबाग, नातूबाग. तुळशीबाग म्हणजे आज बाजारपेठ, बेलबाग म्हणजे नाना फडणविसांचं विष्णुमंदिर, विश्रामबाग म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचा वाडा. या नावांच्या मागे पाणी शोधावं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरात पाणी आणलं; आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. त्या तळ्याच्या काठी हिराबाग झाली आणि तळ्यातल्या बेटावर सारसबाग. बेटावरचं गणपतीचं देऊळ १७८४मधलं, सवाई माधवरावांच्या वेळचं. म्हणून तो तळ्यातला गणपती. पुढे तळं गेलं, विसाव्या शतकात तिथे हिरवळ आली, आणि सारसबाग हा शब्द मुलांना फिरवून आणण्याच्या जागेचा झाला. महापालिकेच्या पाटीवर ‘उद्यान’ असतं, घरातली आजी मात्र ‘बागेत जाऊन येते’ असंच म्हणते.

तरी जुन्या अर्थाची एक बाग पुण्यात शिल्लक आहे. गणेशखिंडीत १८७३मध्ये वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे फळांच्या प्रयोगांची जागा म्हणून ते नावारूपाला आलं. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७मध्ये इथे पेरूची ‘लखनौ-४९’ ही जात निवडली. ‘सरदार’ म्हणून तिला लोक ओळखतात. १९३६मध्ये त्यांनीच आळंदीच्या डाळिंबातून एक वाण निवडला. तो पुढे ‘गणेश’ या नावाने ओळखला गेला, आणि ‘भगवा’ हा वाण येईपर्यंत कित्येक वर्षं दुष्काळी तालुक्यांतल्या शेतकऱ्याने त्याच्या बागा धरल्या. ज्या माळाने फक्त बाजरी पाहिली होती, तो माळ थोड्या पाण्यावर बागायत म्हणवू लागला. गणेशखिंडीची ही बाग २०२०मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुण्याने आपल्या बागा देवळांना, वाड्यांना, दुकानांना दिल्या, आणि गावांना मात्र रोपं दिली. आज खडकवासल्याचं पाणी किती शहराला आणि किती कालव्याखालच्या रानांना, हा वाद दर उन्हाळ्यात पेटतो. त्या वादात बोलताना पुणेकराने आपल्या पत्त्यातला ‘बाग’ हा शब्द एकदा नीट वाचावा. कुणीतरी लांबून आणलेलं पाणी आपल्या मातीला दिलं होतं, याची ती नोंद आहे. आता पाणी देण्याची पाळी आपली आहे. खाली हवेली-दौंडाच्या रानात कुणाची तरी बाग ताणावर उभी आहे.